मोह नव्हे, वहिनी

आमच्या प्रार्थनागृहात बायकांना वाचायला शिकवायचं ठरलं, तेव्हा आत्या चौतीस वर्षांची होती. ठरवणाऱ्या मंडळींचा हेतू थोर होता. बायका धर्मग्रंथ वाचू लागल्या की त्यांचं चित्त स्थिर होईल, बोलणं कमी होईल आणि घरोघरी शांतता नांदेल, असं त्यांच्या ठरावातच लिहिलं होतं. वाचायला शिकलेली बाई पुढे लिहायलाही लागेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. तब्बल अकरा डोकी त्या खोलीत असूनसुद्धा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. पुढे भाऊही गेला. मग घरात राहिल्या त्या आत्या, आई आणि मी. एका माणसाची बहीण आणि त्याच माणसाची बायको. मधला माणूस उठून गेल्यावर या दोघींना एकमेकींशी बोलायला विषयच उरला नाही. भांडायला मात्र भरपूर उरले.

आत्या इस्पितळाच्या चादरी धुवायची, त्यांना खळ घालायची आणि इस्त्री करायची. मागची खोली तिची. लांबलचक टेबल, कोळशाच्या दोन इस्त्र्या, खळीचं पातेलं आणि खिडकीत ग्रंथ. तिच्या आयुष्यातलं ते एकमेव पुस्तक. भाषांतर दोनशे वर्षांपूर्वीचं, त्यामुळे त्यातले लोक ‘जातात’ असं नाही, ‘जाते झाले’ असं लिहिलेलं. इस्त्रीत कोळसे घालण्याआधी ती रोज सकाळी दहा ओळी वाचायची. मग इस्पितळाची एखादी जुनी यादी घ्यायची, कोऱ्या बाजूवर चार-सहा ओळी लिहायची आणि तो कागद त्याच पानात ठेवून द्यायची.

“काय लिहितेस गं?” मी लहानपणी विचारलं होतं.

“उत्तर.”

“कुणाला?”

“आता कुणी आपल्याशी एवढं बोलतंय म्हटल्यावर आपण घुम्यासारखं बसून राहायचं का?” ती म्हणाली, आणि इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकून बघितला.

ही उत्तरं ती लिहिता लिहिता मोठ्याने पुटपुटायची, कारण वर्गात तिला मोठ्याने म्हणतच अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. आणि तिने दुसरं काही कधी वाचलंच नव्हतं, त्यामुळे लिहायला बसली की बोलायची ती त्या ग्रंथाचीच भाषा. एरवी “मेली इस्त्री तापत नाही” म्हणणारी आत्या कागदावर लिहायची, “हे प्रभो, तू ओढ्यास काठ दिलेस, की त्याने वाहावे परंतु बुडवू नये. मग माझ्या वहिनीच्या तोंडास काठ का दिले नाहीस?”

एकोणीस वर्षं तिने अशी उत्तरं दिली. ग्रंथ फुगून दुप्पट झाला आणि एके दिवशी त्याची शिवण उसवली. मी गल्लीच्या टोकाच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करते. “मी बांधून आणते,” म्हणून मी तो फडक्यात गुंडाळून नेला. तिथून सगळं सुरू झालं.

आमच्या छापखान्यात एक विद्वान येत. प्रार्थनागृहाच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल. धर्मग्रंथावर त्यांनी भाष्य लिहायला घेतलं होतं आणि तिसऱ्या खंडात ते नुकतेच पहिल्या अध्यायाच्या शेवटापर्यंत पोचले होते. पानावर वर दोन ओळी मजकूर आणि खाली मुंग्यांच्या रांगेसारख्या टिपा. त्यामुळे आम्ही जुळारी त्यांना आपसात ‘तळटीप’ म्हणायचो. तोंडावर अर्थात ‘साहेब’.

त्या दिवशी ते प्रुफं तपासायला आले आणि माझ्या टेबलावर आत्याच्या कागदांची चळत बघून थबकले. एक कागद उचलला, दुसरा उचलला. चष्मा काढून पुसला.

“हे कुणाचं?”

“माझ्या आत्याचं.”

“ग्रंथ आत्याचा असेल. हा मजकूर कुणाचा?”

“तोही आत्याचाच.”

“काय करतात त्या?”

“इस्पितळाच्या चादरी धुतात.”

त्यांनी माझ्याकडे अपार मायेने पाहिलं. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा बघतात तसं.

“म्हणजे त्यांनी हे कुठून तरी उतरवून घेतलंय,” ते हळुवारपणे म्हणाले. “मूळ पोथी कुठे आहे?”

“मूळ तीच आहे, साहेब. आत्या.”

पण तोवर ते माझ्यापाशी नव्हतेच. ते दोनशे वर्षं मागे गेले होते. त्यांनी मला तिथल्या तिथे सगळं सिद्ध करून दाखवलं. ही भाषा आज कुणी बोलत नाही. ही वाक्यरचना हुबेहूब पहिल्या भाषांतराच्या काळातली. तेव्हा लेखकही त्याच काळातला. लेखक एकांतवासी, पुरुष, बहुधा उच्चकुलीन आणि आजारी. आजारी का, तर चादरींचा उल्लेख वारंवार येतो.

“साहेब, तिने एकच पुस्तक वाचलंय. त्याचीच भाषा तिच्या हाताला लागलीय,” मी म्हणाले.

“तुझा आत्याबद्दलचा अभिमान मला समजतो,” ते म्हणाले, आणि कागद ‘दोन दिवसांसाठी’ घेऊन गेले.

मी अडवायला हवं होतं. अडवलं नाही. मालक मागे उभे होते, तळटीप हे आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं आणि माझा कणा त्या दिवशी त्या ग्रंथासारखाच उसवलेला असावा.

घरी येऊन आत्याला सांगितलं. मला वाटलं, चिडेल.

“छापणार?” तिने विचारलं.

“तसं म्हणतायत. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा साधूचं म्हणून.”

आत्याने अभ्र्याची घडी घातली. “साधूचं तर साधूचं. मला कुठे मिरवायचंय? कागद तेवढे परत आणून दे. एकोणीस वर्षांचं बोलणं आहे ते.”

आई स्वयंपाकघरात होती. दोन खोल्यांच्या मध्ये एक फळ्यांची भिंत. पलीकडे भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला, पण आईची भांडी नेहमीच जोरात आपटत, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

चार महिन्यांनी हस्तलिखित छापायला आलं. नाव होतं ‘अज्ञात एकांतवाशाची आत्मनिवेदने’. आणि खिळे कोण जुळवणार? मीच. आत्याची एकेक ओळ हाताने उलटी जुळवताना मला कळत गेलं की विद्वान माणसाच्या हाती चादर पडली की तिचं काय काय होऊ शकतं.

आत्याने लिहिलं होतं, “आज चाळीस चादरी. एका डागाशी मी सकाळपासून झगडले आणि तो जिंकला. तू जिंकतोस का रे कधी माझ्यातल्या डागाशी?” खाली टीप : चाळीस चादरी म्हणजे आत्म्यावरील चाळीस आवरणे. पुढे त्या चाळिसांची नावं. ती त्यांना कुठून मिळाली ते तेच जाणोत. बत्तिसाव्यानंतर ‘इत्यादी’ होतं.

आत्याने लिहिलं होतं, “खळ पातळ झाली तर कापड लोळते, दाट झाली तर मोडते. तुझा शब्द माझ्यात किती दाट घालावा, ते तूच सांग.” यावर तळटिपांनी सव्वा पान खर्च केलं होतं. खळ म्हणजे दुर्जन. दुर्जन दाट झाले की समाजरूपी वस्त्र मोडते. मूळ लेखनिकाने लिंगात चूक केली असावी, म्हणून येथे ‘खळ पातळ झाला’ असा शुद्ध पाठ घेतला आहे.

मी प्रूफ घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. “साहेब, खळ म्हणजे कपड्याला घालतात ती.”

“असा बाळबोध अर्थ आपल्याला प्रथमदर्शनी सुचतो खरा,” ते म्हणाले.

पण सगळ्यात मोठी शस्त्रक्रिया झाली होती ती वहिनीवर. एकांतवासी साधूला वहिनी असणं शोभेना. म्हणून जिथे जिथे ‘वहिनी’ तिथे तिथे ‘मोह’ घातलं होतं. “मग माझ्या मोहाच्या तोंडास काठ का दिले नाहीस?” आणि थोडं पुढे काही ओळी साफ उडवल्या होत्या. का म्हणून विचारलं तर म्हणाले, “त्या ओळी प्रक्षिप्त आहेत. मोहाला गुडघे नसतात.”

हे घरी सांगितल्यावर मात्र आत्या पहिल्यांदा अस्वस्थ झाली. “हे बरं नाही केलं त्यांनी.”

“सांगू का त्यांना, तुझं नाव घाला म्हणून?”

“नावाचं राहू दे गं. पण देवाला कसं कळायचं मी कुणाबद्दल बोलतेय ते?”

पुस्तक निघालं. बांधणी देखणी, मुखपृष्ठावर गुहा. सुट्टीच्या दिवशी सकाळी प्रार्थनागृहाच्या सभागृहात जाहीर वाचन ठरलं. छापखान्यातल्या सगळ्यांना आमंत्रण होतं, बसायला शेवटची रांग होती. आत्या आली, कारण आपले कागद परत मिळतील अशी तिला आशा होती. आई आली, कारण आत्या आली. आपल्याला एकटीला घरी बसवून आम्ही दोघींनी कुठे जावं, हे आईच्या स्वभावात बसत नव्हतं.

प्रमुख गुरू मधल्या खुर्चीत बसले. तळटिपांनी आधी तासभर त्या अज्ञात महात्म्याचं चरित्र सांगितलं. ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही त्याच्याबद्दल तासभर बोलायचं तर विद्वत्ता लागतेच. महात्मा लहानपणी अबोल होता. त्याने तारुण्यात एका नगराचा त्याग केला. त्याच्या गुहेत चादर नव्हती, म्हणूनच त्याला चादरींची रूपकं सुचत. लोक माना डोलवत होते. समोरच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे टिपले.

मग वाचन सुरू झालं. आवाज त्यांचा खरंच चांगला होता. आत्या मांडीवर हात ठेवून, दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती. ओढ्याचा उतारा आला.

“मग माझ्या मोहाच्या तोंडास काठ का दिले नाहीस? तो पहाटेपासून बोलतो, आणि भांड्यांकरवीही बोलतो.”

“मोह कसला?”

सगळ्या सभागृहाने मागे वळून पाहिलं. मीही वळले, आणि बघते तर माझ्या शेजारी आई उभी.

“ती मी!” आई म्हणाली.

“बाई, खाली बसा,” तळटीप म्हणाले. “मोह ही अमूर्त संकल्पना आहे.”

“असेल. पण भांडी माझी आहेत.”

कुणीतरी फसकन हसलं. मी आईचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

“एकोणीस वर्षं भिंतीपलीकडे उभी राहून ऐकतेय मी हे. रोज सकाळी. मला वाचता येत नाही, पण कान शाबूत आहेत. ‘वहिनीच्या तोंडास’ असं आहे ते. आणि पुढचं का नाही वाचलंत? पुढचं वाचा की!”

“पुढे काही नाही,” तळटीप म्हणाले.

“आहे!” आणि माझी आई, जी प्रार्थनेतसुद्धा नुसते ओठ हलवायची, ती त्या शंभर लोकांत ताठ उभी राहून म्हणाली, “‘तरी हे प्रभो, तिचे गुडघे दुखतात. जिना चढताना ती भिंत धरते आणि कोणी पाहू नये म्हणून थांबून झाडल्यासारखे करते. मी विचारिले तर ती चिडेल. म्हणून तू विचार.’”

मी आत्याकडे पाहिलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. चोरी करताना पकडलं जावं तसा.

“तू ऐकत होतीस?” आत्या म्हणाली.

“मग काय कान कापून ठेवू, वन्सं? भिंत आहे की चाळण ती!”

“आणि बोलली नाहीस एकदाही?”

“माझ्याशी कुठे बोलत होतात तुम्ही? ज्याच्याशी बोलत होतात त्याने बोलायचं.”

तळटिपांनी घसा खाकरला. सभा हातातून चालली होती. “स्मृतीतून एखादी ओळ म्हणून दाखवणं म्हणजे पुरावा नव्हे. लेखनात सखोल प्रतीकं आहेत. चाळीस आवरणांचंच घ्या...”

“चाळीस खाटा होत्या माझ्याकडे,” तिसऱ्या रांगेतून इस्पितळाच्या मोठ्या परिचारिकाबाई म्हणाल्या. “रोज चाळीस चादरी यांच्याकडे जायच्या. मागच्या वर्षी दोन खाटा वाढल्या. पुस्तकात शेवटी बेचाळीस येतं का हो?”

येत होतं. त्यावर वेगळी टीप होती.

आता प्रमुख गुरूंनी हात वर केला. ते म्हातारे होते आणि इतका वेळ झोपले आहेत असा आमचा समज होता. “बाई,” ते आत्याला म्हणाले, “हे तुम्ही लिहिलंत?”

आत्या उठली. “लिहिलं असं नाही. उत्तर दिलं. आधी तो बोलला.”

“मग आमच्या ग्रंथपालांना काही सांगायचं आहे?”

मला वाटलं, आता ती चार गोष्टी सुनावणार. आत्याने थोडा विचार केला. “तेवढी खळ सुधारून घ्या. तो नाही, ती. आणि कागद परत द्या.”

यानंतर तळटिपांनी जाहीर माफी मागितली असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याचा विद्वानांशी कधी संबंध आलेला नाही. दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना त्यांनी आठवडाभरात लिहून आणली. तीत म्हटलं होतं की प्राचीन एकांतवाशाची वाणी एका स्थानिक स्त्रीच्या मुखातून अबोधपणे प्रकट झाली, हा संशोधनातला अपूर्व योग होय आणि तो प्रस्तुत संपादकाने प्रथम ओळखला. आत्याचं नाव टिपेत होतं. बारीक अक्षरात. ते मी स्वतः जुळवलं आणि चुकून दोन मापं मोठे खिळे वापरले. मालकांनी प्रूफ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पान छापायला पाठवलं. ‘वहिनी’ सगळीकडे परत आली होती. गुडघेही आले होते.

पण लोकांना प्रस्तावना कुठे वाचायची असते? त्यांनी खळ वाचली. डाग वाचला. आणि त्यांच्या लक्षात आलं की देवाशी बोलायला गुहेत राहावं लागत नाही. मोठ्या परिचारिकाबाईंनी आपल्या ग्रंथाच्या समासात लिहायला सुरुवात केली. मग बेकरीवाल्याने. त्याचं पहिलं उत्तर फक्त एवढंच होतं की तू म्हणतोस धीर धर, पण पीठ धरत नाही. वाचायला शिकवणाऱ्या मंडळाने तातडीने बैठक घेतली आणि ग्रंथात लिहू नये असा ठराव केला. त्या ठरावाची पत्रकं आम्हीच छापली. कागद चांगला जाड होता आणि मागची बाजू कोरी, त्यामुळे उत्तरं लिहायला लोकांना ती फार सोयीची पडली.

आमच्या घरी मात्र निराळाच प्रकार झाला. सभेनंतर दोन दिवस दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. एकोणीस वर्षं भांडून जे झालं नव्हतं ते एकमेकींचं बरं चिंतलेलं उघडं पडल्याने झालं, दोघी लाजल्या. तिसऱ्या दिवशी आई पाटी घेऊन माझ्यासमोर बसली.

“मला अक्षरं शिकव.”

“आता? पंचावन्नाव्या वर्षी?”

“माझ्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते मला तपासायचंय. ऐकण्यात काही सुटलं असेल.”

आई आठ महिन्यांत वाचायला शिकली. तिने परत मिळालेल्या कागदांची सगळी चळत चाळली आणि मग स्वतः पेन्सिल उचलली. आत्याच्या एका उताऱ्याखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेलं मला सापडलं, “हे प्रभो, नणंद म्हणते त्या दिवशी मी दूध उतू घालविले. ते खोटे आहे. तू वर होतास, तू पाहिलेस.” त्याखाली आत्याचं, “पाहिले असेल तर सांग तिला.” त्याखाली आईचं, “तिलाही सांग की कालची खीर चांगली झाली होती.”

शेजारच्या खोलीत जाऊन सांगायला सात पावलं लागतात. पण दोघींना देवाकडून निरोप धाडणंच बरं वाटत होतं, आणि तोही बिचारा निरोप पोचवत होता.

पुढे आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आणि वाचन बंद झालं. चादरी दुसरीकडे गेल्या. आता सकाळच्या दहा ओळी आई वाचते. अडखळत, चुकत, मधेच आपलं मत घालत. आत्या डोळे मिटून ऐकते आणि चुका काढते. परवा मी कामावर निघाले होते तेव्हा वंशावळीचं प्रकरण चाललं होतं. अमक्यास तमका झाला, तमक्यास फलाणा झाला, अशी अडीच पानं.

“ते सोड गं,” आत्या म्हणाली. “मी दरवेळी सोडते. त्यात उत्तर देण्यासारखं काही नाही.”

“सोडू कशी?” आई म्हणाली. “माणसं आहेत ती. कुणीतरी हाक मारायला नको का त्यांना?”

आणि ती एकेकाचं नाव घेत पुढे वाचू लागली. पाचव्या नावाशी अडखळली. आत्याने ते सांगितलं.